कुळागराची राखण करणारा कुत्रा गेल्यावर नवा शिकारी कुत्रा कसा शोधावा

नवं पिल्लू बघायला निघण्याआधी एक गोष्ट पक्की करा: आधीचं जनावर कशाने गेलं? दुःखात हा प्रश्न नकोसा वाटतो. पण ज्याने ते गेलं ते अजून तुमच्या अंगणातच असतं आणि नव्यालाही तेच गाठतं.

गोव्यात केरीच्या वर, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी आमचं पोफळीचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग आहे. चिंगी ही आमची मुधोळ जातीची कुत्री, तिच्या जिवावर मी रात्री मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, एकटी निर्धास्त झोपायची. ती गोचीडतापाने गेली. आधी जेवण सोडलं, मग हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, शेवटी नाकातून रक्त यायला लागलं. ती गेल्यावर तिच्या निजायच्या कोपऱ्यात बॅटरी मारून बघितलं, तर चिऱ्याच्या भिंतीच्या भोकाभोकांत गोचिडी चिकटलेल्या. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन फुगली की खाली उतरते, फटीत शिरून हजारोंनी अंडी घालते आणि कुत्रा नसला तरी महिनोन्महिने उपाशी राहून जगते. चिऱ्याची उघडी भिंत तिला फारच मानवते. म्हणून कोपरा गिलावा करून बंद केला, जुनं पोतं जाळलं आणि जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेलं औषध थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हापुन्हा फवारलं. एका फवारणीत अंडी मरत नाहीत.

पिल्लू पार्व्होने, म्हणजे रक्ताच्या जुलाबांच्या संसर्गाने, गेलं असेल तर जास्त सांभाळा. तो विषाणू मातीत वर्षभरही टिकतो. फरशीला एक भाग घरगुती ब्लीच, तीस भाग पाणी चालतं, पण शेणाने सारवलेल्या जमिनीवर ब्लीचचा काही उपयोग होत नाही. अशा घरात लसी पुऱ्या न झालेलं पिल्लू आणूच नका, मोठा, लसी झालेला कुत्रा बघा. बिबट्याने नेला असेल तर आधी जाळीची, वरूनही बंद असलेली खोपी बांधा. आमच्या सत्तरी तालुक्यात बिबट्या अगदी पडवीतून कुत्रा उचलतो, साखळीला बांधलेला तर त्याला आयताच मिळतो. घोणस किंवा नाग चावून गेला असेल तर मांगराला टेकवून रचलेल्या झावळ्या आणि नारळाच्या सोडणांचे ढीग हलवा. तिथे उंदीर येतात, उंदरांमागून साप.

हे झालं की मग कामाचा विचार करा. शिकारी कुत्रा म्हटलं तरी शिकार करता येत नाही, हे घरातल्या मुलांना, गड्यांनाही स्पष्ट सांगा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जनावराचा पाठलाग करणं, त्याला हाकलत नेणं हेसुद्धा शिकारीतच धरलंय. डुकरावर कुत्रे सोडून मटण वाटून घ्यायचे दिवस गेले आणि ते गेले ते बरंच झालं. आता कुत्र्याचं काम एवढंच: डुक्कर, माकड, शेकरू आलं की कळवायचं, कुंपणापर्यंत जायचं, मागे फिरायचं.

या कामाला कोणता कुत्रा, यावर माझं मत ठाम आहे. मुधोळ किंवा कारवानी हा नजरेने शिकार करणारा कुत्रा. लांब, अरुंद डोकं, खोल छाती, अंगावर चरबी नाही. उघड्या मोरडीवर (उंचावरच्या कोरडवाहू जमिनीवर), भातशेतीच्या कडेला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण कुळागरात पोफळी, मिरीचे वेल, केळी यांच्या गर्दीत चार हातांपलीकडचं दिसत नाही. तिथे नाक आणि भुंकणं लागतं, आणि मुधोळ भुंकतो कमी. गावठी कुत्रा तिथे सरस. चिंगी अपवादाने चांगली भुंकायची. तिच्यासारखी दुसरी मिळेल या आशेने मुधोळच्या मागे लागू नका, हेच मी स्वतःला बजावलं.

मुधोळच हवा असेल तर कर्नाटकात मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, तिथे चौकशी करा. बाहेरून घेतलंत तर आईबाप दोघे डोळ्यांनी बघा, फोटोवर भागवू नका. पिल्लं विकणाऱ्याची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. सहा आठवड्यांचं घेऊन जा म्हणणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नका. गावठी हवा असेल तर सरळ धनगरवाड्यावर किंवा दोडामार्गच्या बाजूच्या बागायतदारांकडे विचारा. ज्यांची गुरं रानाला लागून चरतात त्यांच्याकडची कुत्री कसाला लागलेली असतात. आईला काम करताना बघितलंत तर अर्धी निवड झाली.

पिल्लं बघायला भरल्या पोटी झोपलेल्या वेळी जाऊ नका, सकाळी जेवणाआधी जा. आधी लांब बसा. कोण कुठे फिरतंय, कोण एकटंच कोपऱ्यात पडलंय ते बघा. मग हिरडी दाबून बघा, बोट काढल्यावर गुलाबी रंग लगेच परत यायला हवा. पोट ढोलासारखं असेल तर बहुधा जंत असतात, ते औषधाने जातात. बेंबीला गाठ लागते का, डोळ्यांत चिपडं आहेत का, शेपटीखाली घाण लागलीय का, सगळं बघा. कानात बोट घालून वास घ्या.

स्वभावासाठी मी एक स्टीलची ताटली नेते. पिल्लांपासून थोडं दूर ती जमिनीवर टाकायची. दचकतात सगळीच. जे दचकून मागे जातं आणि मग मान वाकवून ताटली हुंगायला परत येतं, ते पिल्लू माझं. पळून आईखाली दडलेलं बाहेरच येत नाही, ते घरात राहील, डुकरासमोर उभं राहणार नाही. अजिबात न दचकणारं असेल तर त्याच्यामागे टाळी वाजवा, बहिरं असू शकतं. नंतर दोरीला चिंधी बांधून ओढत न्या. नुसतं मागे धावणारं चांगलंच, पण तुम्ही हाक मारल्यावर चिंधी सोडून तुमच्याकडे बघणारं त्याहून चांगलं. काही दिवसांनी परत जाऊन हेच करा, एका सकाळीवर निर्णय नको.

रंगावर जाऊ नका. मी बघायला गेले त्या वेतात एक पिल्लू चिंगीच्याच रंगाचं होतं, छातीवर तसाच पांढरा टिळा. हात आपोआप त्याच्याकडे गेला. ते ताटलीला घाबरून बाहेर आलं नाही. मी त्याचा भुऱ्या रंगाचा भाऊ आणला, आई गावठी, बाप मुधोळ. नाव ठेवलं भैरू. जुनं नाव देऊ नका, जुन्या हाकेने बोलावूही नका. त्या हाकेला तो तिच्यासारखा धावला नाही की आपल्याला राग येतो, आणि त्या रागाची शिक्षा त्याला होते.

आणायची वेळ दिवाळीच्या सुमाराची बरी. पावसात ओलं अंग सुकत नाही, कातडीला बुरशी धरते, चिखलात पिल्लाला बाहेर नेता येत नाही. पहिल्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात न्या. जंताचं औषध, पार्व्हो-डिस्टेंपरची लस ठरल्या अंतराने, रेबीजची तिसऱ्या महिन्यानंतर आणि पुढे दर वर्षी. कुत्रा मुधोळ रक्ताचा असेल तर भूल द्यायची वेळ आली की डॉक्टरांना आठवणीने सांगा. या अंगलोटीच्या कुत्र्यांना काही भुलीची औषधं फार वेळ चढून राहतात. पोटभर जेवल्यावर पळवू नका, खोल छातीच्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडून काही तासांत जीव जाऊ शकतो. पेज एकटी पुरत नाही, बांगडा उकडून काटे काढून त्यात कालवा.

सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे, म्हणजे गोचिडीमुळे माणसाला होणाऱ्या तापाचे, रुग्ण सापडलेत. त्याची गोचीड रानातली, पण कुत्रा ती अंगावर घेऊन घरात येऊ शकतो. रानालगत फिरून आला की चिमट्याने काढा, नखाने चिरडू नका, मुलांना हात लावू देऊ नका.

शिकवताना पहिले काही महिने लांब दोरी सोडूच नका. रोज कुंपणाकडेने फिरवा, कोंबड्या आणि वासरं समोर असताना बसवा. एक शीळ ठरवा आणि ती शीळ ऐकून आला की दरवेळी हातात काहीतरी द्या, सुकं बोंबलाचं बोटभर तुकडंही पुरतं. वर्षाच्या आत खऱ्या डुकरासमोर कुंपणापर्यंतही जाऊ देऊ नका, हाडं पक्की झालेली नसतात. आणि कधी सुळा लागलाच, तर बाहेरून बोटभर दिसणारी जखम आत वीतभर गेलेली असते. हळद भरून झाकू नका, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवा, स्वच्छ पंचा बांधा आणि रात्र असली तरी गाडी काढा.