जर्मनचे शब्द पैठणीच्या पदरावर

जर्मन शिकताना मुलांची खरी दमछाक होते ती डेर, डी, डास या उपपदांपाशी. फळ्यावर यादी लिहून देण्याऐवजी कार्डशीटवर पैठणीचा पदर काढायला लावा. मराठवाड्यातल्या मुलांना ही नक्षी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. लग्नाघरी पदर कुणी न्याहाळला नाही?

उपपद शब्दाच्या लिंगावर ठरतं, म्हणून प्रत्येक लिंगाला एक रंग: पुल्लिंगी (डेर) निळा, स्त्रीलिंगी (डी) लाल, नपुंसकलिंगी (डास) हिरवा. हे रंग एकदा ठरले की वर्षभर बदलायचे नाहीत. मग मोर (डेर फाऊ) निळा, पोपटही (डेर पापागाय) निळाच, फूल (डी ब्लूमे) लाल, पान (डास ब्लाट) हिरवं. निळा पोपट बघून वर्ग हसतो. हसू द्या, त्या हसण्यातच ‘डेर’ पक्का बसतो. शब्द उपपदासकट, चित्राशेजारी, त्याच रंगात. मराठी अर्थ अजिबात नको.

चित्र सुबक हवं हा हट्ट मात्र सोडा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की लिहून काढलेल्या शब्दांपेक्षा चित्र काढलेले शब्द जास्त आठवतात, अगदी ४ सेकंदांत रेखाटले तरी. सात-आठ शब्द एका तासाला पुरे. नाहीतर जर्मनचा तास चित्रकलेचाच होऊन बसतो.

रंगकाम चालू असताना बाकांमधून फिरत ‘वास इस्ट डास?’ (हे काय आहे?) विचारत राहा. उत्तर पूर्ण वाक्यातच घ्या. पुढच्या आठवड्यात शब्दांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवा, पदर भिंतीवर टांगा आणि एकमेकांचे ओळखायला लावा.