कासला जाताय? कॅमेरा बॅगेत काय घ्यायचं

सप्टेंबरात कास पठारावर जाणार असाल तर घरातली सगळी लेन्सेस उचलून नेऊ नका. एक बॉडी, दोन लेन्सेस, बास. एक साधी किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी), १८-५५ एमएम वगैरे, धुकं आणि फुलांचे गालिचे टिपायला. दुसरी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून बारीक गोष्टी मोठ्या टिपणारी, ९० किंवा १०० एमएमची, कारण तिथली खरी मजा बारक्या फुलांत आहे, सीतेची आसवं बघा, नखाएवढं निळं-जांभळं फूल, वाऱ्यावर सारखं हलतं, त्यामुळे शटर स्पीड १/२५० सेकंदाच्या खाली शक्यतो नको, गरज पडली तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) बिनधास्त वाढवा.

मॅक्रो महाग वाटते? मग एक्स्टेंशन ट्यूब घ्या, ही पोकळ नळी कॅमेरा आणि आहे त्याच लेन्सच्या मध्ये बसते आणि जवळून फोकस होतो, फक्त ऑटोफोकससाठी विजेचे कॉन्टॅक्ट असलेलीच घ्या.

ट्रायपॉड मी तरी नेत नाही. पाय रोवायला फुलं तुडवावी लागतात, ते नकोच. वाटेवरच उकिडवं बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून छान फोटो येतो.

पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा फिल्टर) मात्र हवाच, ओल्या पानांवरची चमक मारतो आणि हिरवा रंग खुलतो.

बाकी रेनकव्हर, दोन-तीन मायक्रोफायबर कापडं, जास्तीची बॅटरी. आणि पावसात लेन्स बदलू नका, गाडीतच ठरवून लावा. घरी आल्यावर सगळं पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर लेन्सला बुरशी धरलीच समजा.