नवा वॉटर पंप घेताना जुना हातात ठेवा

गाडीचं मॉडेल आणि साल सांगून वॉटर पंप मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये, एकाच साली दोन-तीन वेगळी इंजिनं असू शकतात आणि प्रत्येकाचा पंप निराळा. मी काम हातात घेताना आधी चासी नंबर आणि इंजिनचा कोड लिहून घेतो. जुन्या पंपाच्या अंगावर उठवलेला नंबर दिसतो, पण तो बहुधा कास्टिंगचा, म्हणजे पंपाच्या ओतीव घराचा असतो. त्याच कास्टिंगमध्ये वेगळा इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) असलेला पंपही निघू शकतो.

त्याआधी पंपच गेलाय ना, ते बघा. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. त्यातून कूलंट ठिबकत असेल किंवा वाळलेल्या कूलंटचा ओघळ दिसत असेल तर आतलं सील संपलं. इंजिन बंद करून पुली हाताने हलवा. खुळखुळली तर बेअरिंग गेलं. ते भोक मात्र कधी बुजवायचं नाही. बुजवलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं.

नवा पंप आला की जुन्याशेजारी ठेवा आणि इम्पेलरच्या पात्या बघा. लोक बोल्टची भोकं जुळवतात आणि थांबतात, पण खरी गोम पात्यांच्या बाकात आहे. काही इंजिनांत पट्ट्याची आतली बाजू पुलीला लागते, काहींत पाठ, त्यामुळे पंप उलट दिशेने फिरतो. एकाच घराण्यातल्या जुन्या-नव्या इंजिनांचे पंप त्यामुळे बाहेरून सारखे आणि आतून उलटे असू शकतात. चुकीचा पंप झकास बसतो, गळतही नाही. शिवाय असा पंप उलटा फिरला तरी पाणी ढकलतो त्याच दिशेला, फक्त कमी. म्हणून उभ्या गाडीत सगळं ठीक वाटतं आणि चढावर तापमानाचा काटा वर जातो. मग थर्मोस्टॅट बदला, रेडिएटर धुवा, पंखा तपासा, असा खेळ सुरू होतो.

दुसरं माप पुलीच्या बैठकीचं. जिथे पंप इंजिनला टेकतो तिथून पुली बसते तिथपर्यंतचं अंतर दोन्ही पंपांवर पट्टीने मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरकही पट्टा तिरका चालवतो, आणि तो किंचाळत कडेने झिजतो.

इम्पेलर प्लॅस्टिकचा दिसला की नाक मुरडू नका. चांगलं प्लॅस्टिक गंजत नाही. साधं पाणी भरून चालवलेल्या गाडीत पत्र्याच्या पात्या खाल्लेल्या दिसतात, त्या मानाने ते बरं. वाईट प्लॅस्टिक मात्र तडकतं आणि शाफ्टवर सुटतं: पुली फिरते, इम्पेलर जागेवरच. मी कंपनीने मुळात जे दिलं त्याच जातीचं घेतो. त्या इंजिनात प्लॅस्टिक सुटण्याची तक्रार नेहमीची असेल तरच धातूकडे वळतो. पुनर्निर्मित पंप मला फारसे आवडत नाहीत. सील-बेअरिंग नवं असलं तरी पंपाच्या जुन्या ओतीव घराला आतून खड्डे पडलेले असू शकतात.

नवा पंप हाताने फिरवताना सीलमुळे थोडा जड लागतो, ते बरोबर आहे. खरखर नको. आणि कोरडा भिरभिरवू नका, सीलच्या घासणाऱ्या बाजू खराब होतात.

पंप टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्हची वेळ पिस्टनशी जुळवणारा पट्टा) चालत असेल तर बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) यांच्यासकट किट घ्या. खर्च खोलण्याचा असतो, तेच दोनदा कशाला? शिवाय पंप जाम होऊन बेल्ट उडाला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. पंख्याचा क्लच (पंख्याला पंपाच्या शाफ्टशी जोडणारा भाग) पंपावरच बसत असेल तर तोही हलवून बघा. डुगडुगता क्लच नव्या बेअरिंगलाही खातो. इलेक्ट्रिक पंप असेल तर कूलंटमधली हवा काढायला बऱ्याचदा गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतो, आधी सोय बघा.

गॅस्केट डब्यात आहे का ते पाहून घ्या. रबरी ओ-रिंग असेल तर सीलंट लावायचं नाही, कूलंटने ओली करून बसवायची. कागदी गॅस्केटलाही सीलंट लागलाच तर पातळ हात. दाबून बाहेर आलेले तुकडे रेडिएटरच्या नळ्यांत जातात. कूलंट मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जातीचंच भरा, रंग बघून नव्हे. पहिल्यांदा इंजिन गरम होताना भोकातून दोन-चार थेंब आले तर घाबरू नका, सील बसतंय. नंतरही ओघळ चालू राहिला तर पंप परत करा.