सिगारेट सुटली, आता पळायचंय? मग आधी हळू पळायला शिका

सिगारेट सोडून काही महिने झालेत, वजन थोडं वर गेलंय, वय चाळिशी-पन्नाशीच्या मधे कुठेतरी आहे आणि आता वाटायला लागलंय की पळायला सुरुवात करावी, तर नक्की करा. फक्त एक आधीच सांगून ठेवतो. पहिल्या दिवशी दीड-दोन मिनिटांत धाप लागणार आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून उभे राहणार आणि म्हणणार की संपलं, इतकी वर्षं ओढल्या त्याची वसुली सुरू झाली, फुप्फुसं गेली कामातून. बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. ज्याने जन्मात सिगारेटला हात लावला नाही असा पंचेचाळिशीचा, दिवसभर खुर्चीत बसणारा माणूसपण पहिल्या दिवशी तेवढ्याच वेळात धापा टाकतो, कारण तोही शाळेत पळायचा त्याच स्पीडने सुटलेला असतो. ज्याने ओढलेली असते तो प्रत्येक धापेचं बिल सिगारेटवर फाडतो आणि चौथ्या दिवशी घरी बसतो, एवढाच फरक.

शरीरात नक्की काय चाललंय ते थोडं माहीत असलं की ही भीती जाते. सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे ओढणाऱ्याच्या रक्तातली थोडी जागा कायम अडकलेली असते. सिगारेट सोडल्यावर ती जागा एक-दोन दिवसांतच मोकळी होते. श्वासनलिकेत कफ वर ढकलणारे बारीक केस असतात, धुराने लुळे पडलेले, ते हळूहळू कामाला लागतात, म्हणून कित्येकांना सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला उलट वाढल्यासारखा वाटतो. पळताना कफ सुटला तर घाबरू नका, हातरुमाल ठेवा (कफात रक्त दिसलं तर मात्र पळणं बंद आणि सरळ डॉक्टर). फुप्फुसांची जी ताकद कायमची गेली ती बहुतेक परत येत नाही हे खरंय, पण सोडल्यावर पुढची घसरण मंदावते, न ओढणाऱ्याची वयानुसार होते साधारण तेवढ्यावर येते. आणि निरोगी माणसात हळू पळताना अडचण सहसा फुप्फुसांची नसतीच, हृदय एका ठोक्यात किती रक्त ढकलतं आणि पायाचे स्नायू त्यातला ऑक्सिजन किती वापरतात ह्यावर सगळं अवलंबून असतं, आणि ह्या दोन्ही गोष्टी पन्नाशीतसुद्धा सुधारतात.

पण हे सगळं "निरोगी" माणसाचं झालं, म्हणून आधी तपासणी. ह्यात आळस नको, ज्याने वर्षानुवर्षं ओढलीये त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत काय साठलंय ते बाहेरून दिसत नाही. डॉक्टरकडे जाताना एक हिशोब करून जा, रोजची पाकिटं गुणिले वर्षं, २० सिगारेटचं एक पाकीट धरून. रोज १० अशी २० वर्षं ओढली तर १० पॅक-इयर्स. "ओढायचो थोडीफार" असं मोघम सांगण्यापेक्षा हा एक आकडा त्यांना जास्त उपयोगी पडतो. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघून घ्या, घरात कोणाला कमी वयात हार्ट अ‍ॅटॅक आला असेल तर तो सांगा, ईसीजी किंवा स्ट्रेस टेस्ट (व्यायाम करायला लावून हृदय तपासतात ती) लागेल का ते त्यांना ठरवू द्या. जिना चढताना शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा सोडून बरेच महिने झाले तरी धाप तशीच असेल तर स्पायरोमेट्रीबद्दल विचारा, त्यात जोरात फुंकर मारायला लावतात आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा आजार, आहे का ते कळतं. सीओपीडी निघालं म्हणजे व्यायाम संपला असं नाही, पण मग तो तुमचा तुम्ही ठरवायचा नाही.

अजून एक गोष्ट जी लोकांना माहीत नसते: चालताना दर वेळी साधारण तेवढ्याच अंतरावर पोटरी आवळून दुखते आणि उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत जाते, असं होत असेल तर ते "सवय नाही म्हणून" नाही, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं आणि सिगारेट हे त्याचं मोठं कारण आहे. दाखवून घ्या. पळताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर, डोळ्यापुढे अंधारी ह्यातलं काहीही झालं तर थांबायचं आणि लगेच मदत मागायची, अजून एक राउंड मारून बघू असं नाही.

सुरुवात कधी करायची? चालायला तर सोडल्याच्या पहिल्या दिवसापासून सुरू करा. तलफ एकदा आली की काही मिनिटं जोरात असते आणि मग ओसरते, आणि तेवढ्या वेळात दहा मिनिटं झपझप चालून आलं की ती कमी होते, हे अभ्यासांतूनही दिसलंय. त्यामुळे तुमची ठरलेली सिगारेटची वेळ जी असेल, सकाळी उठल्याउठल्या किंवा जेवणानंतर, तिथेच चालणं घुसवा (जेवणानंतर रमतगमत, जोरात नाही). पळायची घाई मात्र नको. सलग ३० मिनिटं भराभर चालून झाल्यावर तुम्ही फोनवर नीट बोलू शकताय आणि दुसऱ्या दिवशी पाय कुरकुरत नाहीयेत, असं दोन-तीन आठवडे झालं की मग पळा. निकोटीनचा पॅच लावत असाल तर व्यायामाने त्वचेकडचा रक्तपुरवठा वाढतो आणि निकोटीन नेहमीपेक्षा जास्त शोषलं जातं, पळताना धडधडलं किंवा मळमळलं तर डॉक्टरला विचारून वेळ नाहीतर डोस बदला. चहा-कॉफीचंही तसंच, धुरामुळे लिव्हर कॅफीन पटापट संपवत असतं, सिगारेट सुटली की तेवढेच कप जास्त वेळ रक्तात राहतात, म्हणजे झोप उडते आणि धडधड वाढते आणि तुम्हाला वाटतं की हे पळण्यामुळे होतंय. कप कमी करून बघा आधी.

आता प्रत्यक्ष पळणं. काउच टू फाइव्ह के (म्हणजे सोफ्यावरून उठून थेट ५ किलोमीटर पळण्यापर्यंत) नावाचा नऊ आठवड्यांचा प्रोग्रॅम प्रसिद्ध आहे, जॉश क्लार्क ह्याने १९९६ मधे बनवला, त्यात पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळा ९० सेकंद चाला असं २० मिनिटं, आठवड्यातून तीनदा, आणि शेवटी सलग ३० मिनिटं. कल्पना उत्तम आहे, पण माझं मत विचाराल तर चाळिशी ओलांडलेल्या, सिगारेट सोडलेल्या माणसाला नऊ आठवडे कमी पडतात, विशेषतः पाचव्या आठवड्यात एकदम २० मिनिटं सलग पळायला लावतात तिथे बरेचजण गळतात. तुम्ही पंधरा-सोळा आठवडे धरून चला. सुरुवातीला १ मिनिट पळणं २ मिनिटं चालणं, असं सात-आठ वेळा, आधी १० मिनिटं चालून अंग गरम करून आणि नंतर ५ मिनिटं चालून. एक दिवस पळा, एक दिवस सुट्टी, म्हणजे आठवड्यात तीनच दिवस. तीनही दिवस शेवटचा मिनिट पहिल्यासारखाच आरामात गेला की पुढच्या आठवड्यात पळायचा तुकडा अर्ध्या मिनिटाने वाढवा, पळणं आणि चालणं सारखं झालं की मग चालणं कमी करत आणा. आठवडा जड गेला तर तोच परत करा, कोणी मार्क देत नाहीये.

स्पीड हाच सगळा खेळ आहे म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एक-दोन शब्द नाही, वाक्य. बरोबर कोणी नसेल तर स्वतःशीच मोठ्याने आपला पत्ता म्हणून बघा, मधे श्वासासाठी तोडायला लागलं तर तुम्ही जोरात पळताय. मग हळू करा. इतकं हळू की शेजारून कोणी भराभर चालणारा पुढे निघून जाईल, जाऊ दे. पाऊल लहान टाका, टाच लांब पुढे आपटू नका, खांदे सैल सोडा. लोक लाजेने जोरात पळतात, कोणी बघेल म्हणून, आणि तिथेच सगळं बिघडतं.

घड्याळातल्या हार्ट रेटवर फार विसंबू नका. २२० वजा वय हा आकडा अंदाज आहे, एकेका माणसात १०-१२ ठोके इकडेतिकडे सहज असतात, आणि बीपीसाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ठोके मुद्दाम कमी ठेवलेले असतात, मग ते गणित उपयोगाचंच नाही. घड्याळाचा एक उपयोग करा, सकाळी अंथरुणातच असताना पल्स बघून लिहून ठेवा. सिगारेट सुटल्यावर ती थोडी उतरते, नंतर पळण्याने अजून उतरते. एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा बरीच वर दिसली तर झोप झाली नाहीये किंवा आजारपण येतंय, त्या दिवशी फक्त चाला.

श्वास नाकानेच घ्या वगैरे नियम विसरून जा, नाक-तोंड दोन्ही वापरा, फक्त श्वास सोडताना पूर्ण सोडा, धाप लागलेला माणूस नुसता आत ओढत राहतो आणि जुनी हवा बाहेर जातच नाही. बरगडीखाली चमक भरली तर चाला, लांब श्वास सोडा, जाते. थंडीत श्वासनलिका आकसते, तोंडावर पातळ कापड धरा आणि वॉर्म-अप वाढवा. गाड्यांच्या धुरातून पळू नका, एवढं सोडून परत तेच ओढण्यात काय अर्थ आहे.

आता तो टप्पा जिथे बहुतेकजण दुखापत करून घेतात. साधारण दोन-तीन महिन्यांत दम सुधारतो, खरंच सुधारतो, आणि माणूस हवेत जातो. आज मस्त वाटतंय म्हणून दुप्पट पळतो, रोज पळतो. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण स्नायूबंध आणि हाडांना महिने लागतात, आणि अनेक वर्षं ओढणाऱ्यांची हाडं आधीच थोडी विरळ असू शकतात. म्हणजे इंजिन तयार आणि चेसिस कच्ची. मग नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं, सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत खिळा टोचतो, नाहीतर टाचेमागची शीर ताठते. ह्या टप्प्यात श्वासाचं ऐकू नका, पायांचं ऐका. पळताना किंचित जाणवतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गेलेलं असतं ते चालतं. पळताना वाढत जातं, किंवा लंगडायला लावतं, किंवा हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की कळ येते, ते चालत नाही, थांबा आणि दाखवा.

ह्यावर उपाय कंटाळवाणा आहे पण काम करतो: आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम. पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली, सावकाश, आधी दोन्ही पायांवर मग एकेका पायावर. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं. पंधरा मिनिटं पुरे. ज्याला एका पायावर वीस-पंचवीस वेळा टाच उचलता येत नाही त्याने पळण्याचा वेळ वाढवायची घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शूज घालून आरामशीर वाटतात तेच घ्या, पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून, आणि साधारण ५०० ते ८०० किलोमीटर झाले की बदला.

वजनाबद्दल थोडक्यात. सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी ४ ते ५ किलो वाढतं, कोणाचं जास्त कोणाचं अजिबात नाही. पळण्याने साधारण दर किलोमीटरला किलोमागे १ कॅलरी जाते, म्हणजे ८० किलोच्या माणसाने ३ किलोमीटर पळून २४० च्या आसपास, एका भरपेट नाश्त्यात परत येतात. त्यामुळे पहिले काही महिने वजनकाट्यासाठी पळू नका आणि कडक डाएट तर बिलकुल सुरू करू नका, भूक आणि तलफ एकमेकांत मिसळतात आणि उपाशी माणूस सिगारेटकडे लवकर वळतो.

आणि मधेच कधी एखादी ओढली गेली तर? दुसऱ्या दिवशीचं पळणं रद्द करायचं नाही, शिक्षा म्हणून जास्तही पळायचं नाही. ठरलेलं तेवढंच करा आणि कुठे, कोणाबरोबर, कितीच्या सुमारास ओढली ते लिहून ठेवा, पुढच्या आठवड्यात त्याच वेळेच्या आधी पळायला किंवा चालायला जायचं.

सलग ३० मिनिटं जमली की लगेच शर्यतीत नाव घालू नका. महिनाभर तीच ३० मिनिटं, त्याच गप्पा मारत पळायच्या स्पीडने, आठवड्यातून तीनदा. मग एकच दिवस निवडून तो ५ मिनिटांनी वाढवा, बाकीचे दोन तसेच ठेवा, आणि दर चौथा आठवडा मुद्दाम हलका. स्पीड वाढवायचाच असेल तर ह्या सगळ्यानंतर, तोही शेवटच्या दोन मिनिटांपुरता.