खडीच्या ढिगातून चांद्रशिळांची ओळख : मुलांसाठी एका सकाळचा उपक्रम

ठाण्यात काळ्या दगडाची वाण कधीच नव्हती. घोडबंदर रस्त्यालगत बांधकाम सुरू असलेल्या कोणत्याही इमारतीशेजारी खडीचा ढीग दिसतो, आणि घरातला जुना पाटा-वरवंटाही बहुधा त्याच जातीचा असतो. हा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून थिजलेला. पौर्णिमेच्या चंद्रावर जे काळसर डाग दिसतात, तेही बेसाल्टचेच मैदान आहे. फक्त तिथून अमेरिकेच्या अपोलो ११ या चांद्रमोहिमेच्या अंतराळवीरांनी आणलेले खडक ३५० कोटी वर्षांहून जुने निघाले. म्हणूनच चांद्रशिळा कशा गोळा केल्या आणि पृथ्वीवर कशा आणल्या, हे मुलांना शिकवण्यासाठी ठाण्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

सुरुवातीलाच एक सूचना. येऊरचा डोंगर जवळ असला, तरी तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तेथून दगड उचलण्यास मनाई आहे. ठेकेदाराची परवानगी घेऊन बांधकामाच्या खडीतले दहा-पंधरा तुकडे आणावेत आणि वसाहतीच्या गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणात वाळू पसरून त्यात मांडावेत. काही तुकडे अर्धे पुरावेत.

पहिल्या वर्षी मी एक मोठी चूक केली. मुलांना एक गोणपाट दिले, त्यांनी उत्साहाने वीस मिनिटांत सगळे दगड त्यात भरले, आणि नंतर कोणता दगड कुठून उचलला, कोणती बाजू वर होती, हे कोणालाही सांगता येईना. शिवाय एकमेकांवर घासून सर्व दगडांवर सारखीच राखाडी भुकटी बसली होती. उपक्रम तिथेच संपला. दगड हातात आहे, पण त्याची नोंद नाही, अशा स्थितीत तो केवळ दगड उरतो; त्यामुळे आता मी निम्म्याहून अधिक वेळ नोंदीवरच घालवतो.

नोंदीसाठी अपोलोच्या अंतराळवीरांजवळ एक लहान तिपाई असे. तिच्यात एक दांडी मोकळी टांगलेली असल्यामुळे उभी दिशा कळे, दांडीच्या सावलीवरून सूर्याची दिशा कळे, आणि सोबतच्या करड्या व रंगीत पट्ट्यांवरून छायाचित्रातले रंग पडताळता येत. आपल्याकडे हे काम गवंड्याचा ओळंबा उत्तम करतो. तीन काठ्या वरच्या टोकाला बांधून त्यांतून ओळंबा सोडावा, एका काठीवर सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात आणि पायाशी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच छटांचा कागद चिकटवावा. ही तिपाई दगडाशेजारी ठेवून, एक पाऊल बाजूला सरकत, दोन छायाचित्रे घ्यावीत. मग हातमोजे घालून किंवा चिमट्याने दगड उचलावा, क्रमांक टाकलेल्या स्वतंत्र झिपलॉक पिशवीत ठेवावा, आणि रिकाम्या झालेल्या जागेचे तिसरे छायाचित्र घ्यावे. पिशवीचा क्रमांक एका मुलाने मोठ्याने उच्चारावा व दुसऱ्याने वहीत लिहावा, कारण चंद्रावरही पिशव्यांचे क्रमांक रेडिओवरून सांगितले जात.

सकाळी आठ-साडेआठची वेळ निवडावी. अपोलोची यानेही चंद्रावरच्या सकाळीच उतरवली जात, कारण सूर्य खाली असताना सावल्या लांब पडतात आणि उंचसखलपणा स्पष्ट दिसतो. या सावल्यांचा उपयोग पुढे घरात होतो. खोलीत अंधार करून मुलांनी दगड टेबलावर ठेवावा, टॉर्च तिरका धरावा आणि पहिल्या छायाचित्रातल्यासारखीच सावली पडेपर्यंत दगड फिरवत राहावा. सावली जुळली की दगड मूळ जागी कसा पडला होता, हे निश्चित होते. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत काही चांद्रशिळांची मूळ स्थिती नेमकी अशीच, कृत्रिम प्रकाशात सावल्या जुळवून, ठरवण्यात आली. ज्या बाजूवर सूक्ष्म उल्कांच्या आघाताने काचेचे अस्तर असलेले बारीक खळगे दिसत, ती बाजू आकाशाकडे होती, हा आणखी एक पुरावा. चंद्राला वातावरण नसल्यामुळे वाळूच्या कणाहून लहान उल्काही थेट खडकावर आदळतात. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांचेही तसेच: आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने अपोलोच्या नमुन्यांतील या किरणांच्या खुणा अभ्यासल्या होत्या, हे मुलांना आवर्जून सांगावे.

अपोलो ११ मध्ये मात्र इतकी सविस्तर नोंद फारशी झाली नाही, कारण यानाबाहेर जेमतेम अडीच तास मिळाले. पेटी बंद करण्यापूर्वी खडकांमध्ये जागा शिल्लक दिसली, म्हणून नील आर्मस्ट्राँग यांनी काही फावडी माती आत टाकली. ती माती पुढे सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या नमुन्यांपैकी एक ठरली. त्या मोहिमेतून सुमारे २१.५ किलो सामग्री आली. १९६९ ते १९७२ या काळातल्या सहा मोहिमांची बेरीज ३८२ किलो होते.

परतीचा भाग शिकवण्यासाठी स्वयंपाकघरातला कड्या लावून बंद होणारा, रबरी कडे असलेला डबा घ्यावा. चांद्रशिळांच्या ॲल्युमिनियमच्या पेट्यांना इंडियम या मऊ धातूची पट्टी असे आणि झाकणाची धार तिच्यात रुतून पेटी हवाबंद होई. रिकामा डबा बंद करून बादलीत दाबून धरावा. बुडबुडे येत नाहीत, हे पाहावे. नंतर डबा पुसून रबरावर चिमूटभर रांगोळी टाकावी आणि तो पुन्हा बुडवावा. आमच्या डब्यातून बुडबुड्यांची बारीक माळच वर आली. चंद्रावरची धूळ रांगोळीपेक्षा बारीक आणि टोकदार, त्यामुळे काही पेट्यांची बंदिस्ती खरोखरच बिघडली व आत पृथ्वीची हवा शिरली.

अंतराळवीरांना घेऊन परतणारी कुपी पृथ्वीच्या वातावरणात शिरताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर असे. अपोलो ११ची कुपी २४ जुलै १९६९ रोजी प्रशांत महासागरात उतरली. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांना हॉर्नेट जहाजावरच्या बंद गाडीत विलगीकरणात ठेवले गेले. चंद्रावरून एखादा जंतू येईल, ही भीती होती. खडकांच्या दोन पेट्या मात्र धोका विभागण्यासाठी दोन वेगळ्या विमानांनी रवाना झाल्या आणि माणसांच्या आधी ह्यूस्टनला पोहोचल्या! जंतू सापडले नाहीत, तरी विलगीकरण अपोलो १४ पर्यंत चालू राहिले.

शेवटी भिंग हातात घ्यावे. ठाण्याच्या दगडावर तपकिरी पापुद्रा दिसेल; तो आपल्या पावसाळ्यांचा परिणाम आहे, कारण पाणी आणि हवा मिळून दगडातले लोह गंजवतात. लाव्ह्यातल्या वायूंनी केलेली छिद्रे अनेकदा पांढऱ्या खनिजांनी भरलेली आढळतात. पांढऱ्या ठिकाणी व्हिनेगरचा थेंब टाकून फसफसले, तर ते कॅल्साइट समजावे. न फसफसल्यास बहुधा झिओलाइट किंवा गारगोटी असते. ही खनिजे छिद्रांत पाण्याने आणून बसवली. चंद्रावरच्या बेसाल्टमध्येही वायूची छिद्रे आहेत, पण ती रिकामी आहेत, आणि त्यातले शुद्ध लोहाचे कण इतक्या कोटी वर्षांनंतरही चकाकतात. म्हणून तर ह्यूस्टनमध्ये हे खडक कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवतात. आपली कोकणी दमट हवा त्यांना एक पावसाळाही मानवली नसती.

मुलांनी ही निरीक्षणे नमुन्याच्या क्रमांकासमोरच लिहावीत. अपोलोच्या नमुन्यांतही क्रमांकावरून मोहीम ओळखता येते, उदाहरणार्थ १५४१५ हा अपोलो १५चा प्रसिद्ध पांढुरका खडक. उपक्रम संपल्यावर खडी बांधकामावर परत द्यावी, पण प्रत्येक मुलाने एक तुकडा पिशवीसह आणि तिन्ही छायाचित्रांसह स्वतःजवळ ठेवावा. पिशवीवर तारीख घालण्यास विसरू नये. आमच्याकडे एक पिशवी तारखेविना राहिली आहे आणि तिच्यातला दगड कोणत्या वर्षीचा, यावर अजून वाद चालू आहे.