बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की सोंगलेल्या सोयाबीनचं काय करायचं

सोयाबीनच्या सोंगणीत बंगालच्या उपसागरात काही उठलं की आपल्याकडे विदर्भात पहिले हेच बोलतात, समुद्र तिकडं आंध्रात, आपल्याले काय होते. 2021 च्या सप्टेंबरात मी पण असंच म्हटलं आणि चार एकराचं सोंगलेलं सोयाबीन वावरात ओळीनं तसंच पडू दिलं. पाऊस उघडल्यावर एक ओळ उलटवून पाहिली तर खालच्या शेंगा फुगून उकललेल्या, आतून पांढरे कोंब निघालेले, आणि वास असा की बैल तोंड लावेना. हे पुन्हा कोणाच्या वावरात होऊ नये म्हणून लिहितो.

त्या वर्षी दोन्ही समुद्र मिळून नावाची पाच वादळं झाली. मे मध्ये तौक्ते गुजरातेत गेलं, यास ओडिशात बालासोरजवळ, डिसेंबरातलं जवाद तर जमिनीवर यायच्या आधीच ढिलं पडलं. आपल्या कामाचं एकच, गुलाब. 26 सप्टेंबरच्या संध्याकाळी आंध्रात कलिंगपट्टणमजवळ ते जमिनीवर आलं, दुसऱ्या दिवशी बातम्यांत कमजोर पडलं म्हणून सांगितलं, लोक निवांत झाले, आणि 28 ला यवतमाळ जिल्ह्यात असा पाऊस की उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात एसटी वाहून गेली, माणसं गेली. तेच उरलेलं पुढं अरबी समुद्रात उतरून पुन्हा तयार झालं आणि शाहीन नावानं ओमानवर गेलं, म्हणजे आपल्या डोक्यावरून गेलं तेव्हाही त्याच्यात दम होता.

म्हणून पहिली गोष्ट, कमजोर या शब्दावर जाऊ नका. वादळ म्हणायचं का नाही हे वाऱ्यावर ठरते, ताशी 62 किलोमीटरच्या वर वारा असला तर चक्रीवादळ, खाली आला की डिप्रेशन. पाणी किती पडणार हे त्यात कुठंच नाही. समुद्रापासून इतक्या दूर आपल्यापर्यंत वारा येत नाही, पाणीच येते.

नकाशात दोनच गोष्टी पहा, कुठं धडकते आणि मग कोणीकडे वळते. यास सारखं ओडिशातून वर झारखंडाकडे चाललं तर आपल्याला धोका कमी. आंध्रात शिरून पश्चिमेकडे, वायव्येकडे, म्हणजे तेलंगणातून आपल्याकडे येताना दिसलं की त्याच मिनिटाला कामाला लागा. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्ह्यावार इशारा रोज येतो, त्यात आपला जिल्हा ऑरेंज का रेड ते पहा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे जुने व्हिडीओ नका पाहू. किनाऱ्यावर धडकल्यापासून आपल्याकडे दीड-दोन दिवस मिळतात, गुलाबच्या वेळी तेवढेच होते.

या दीड दिवसात नवीन सोंगणी काढू नका, गुत्तेवाले दारात उभे असले तरी. उभ्या झाडावरचं पाणी निथळून जाते, जमिनीला टेकलेली शेंग सडते. उभ्या पिकात फक्त धुऱ्याकडून चर काढून पाण्याला वाट करून द्या. कपाशीची फुटलेली बोंडं मात्र वेचून घ्या.

जे सोंगून पडलं आहे ते सगळं उचला, आणि यातच खरी मेहनत आहे. वावरातली उंच जागा पाहून खाली तुराट्या नाहीतर पऱ्हाट्यांचा थर द्या, त्याच्यावर ताडपत्री, मग सुडी, म्हणजे पेंढ्यांची रचलेली गंजी, लावा, शेंगा आतमध्ये आणि बुडखे बाहेर, वरती निमुळती करत न्या म्हणजे पाणी ओघळून जाईल. वरची ताडपत्री दोरीनं आवळून बांधा, नुसते दगड ठेवले की पहिल्याच झोतात उडते. भोवती वीतभर खोल नाली. ताडपत्र्या आजच गोळा करा, ऐन वेळी गावात एक मिळत नाही, भावकीत दोन घरं मिळून घेतल्या तरी चालते. विजा कडाडत असतील तर मात्र सगळं सोडून घरी या, आणि पुलावरून पाणी चाललं असेल तर गाडी घालू नका, पाणी कितीही कमी दिसो.

ऊन पडलं की लगेच सुडी उघडा, इथं बरेच जण चुकतात. ओलं सोयाबीन झाकून ठेवलं की आतून तापते, कोपरापर्यंत हात घालून पहा, गरम लागला तर पसरवून वाळवायलाच पाहिजे. कोंब आलेलं आणि बुरशीचं वेगळं काढा, चांगल्यात मिसळलं तर सगळ्याच मालाचा भाव पडतो. नुकसानीचे फोटो उचलायच्या आधीच काढा, तारीख दिसेल असे, आणि तलाठ्याला, कृषी सहायकाला सांगा. विम्याचे नियम बदलत असतात, त्या वर्षीचा नियम त्यांनाच विचारा.

अशा वर्षीचं सोयाबीन बियाण्याला ठेवायचं असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. पेरणीच्या आधी ओल्या गोणपाटात 100 दाणे ओळीनं ठेवून गुंडाळी करा, रोज पाणी शिंपडा, सातव्या-आठव्या दिवशी मोजा. 70 च्या खाली उगवले तर ते पोतं बाजारात द्या, पेरू नका.