प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशंटचं तेल-तूप: काय मोजायचं आणि काय बंद करायचं नाही

निदान झालं की घरात पहिला निर्णय होतो तो तेल-तूप बंद करण्याचा. पेशंटच्या ताटात नुसत्या उकडलेल्या भाज्या येतात आणि वजन झरझर उतरतं. असं करू नका. प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशी रक्तातली चरबी ओढून घेतातच, पण स्वतःही तयार करतात. पुरुषी हार्मोनच्या जोरावर त्यांच्यातलं फॅटी ॲसिड सिंथेस हे एन्झाइम वाढतं आणि भात-भाकरीतून आलेल्या साखरेपासूनसुद्धा फॅटी ॲसिड, म्हणजे चरबीचे मूळ घटक, बनतात. त्यातून नव्या पेशींची आवरणं उभी राहतात, तर काही फॅटी ॲसिड पेशीच्या ऊर्जाघरात, मायटोकॉन्ड्रियात, जळून ऊर्जा देतात. म्हणून तेल शून्यावर आणलं तरी गाठ उपाशी राहत नाही, पेशंट मात्र राहतो.

तरी मोजायचं, कारण हार्मोन कमी करणारी इंजेक्शनं सुरू झाली की स्नायू घटतात, पोटावर चरबी चढते, कोलेस्टेरॉल आणि शुगर वाढते. या पेशंटना हृदयविकाराचा धोका खरा असतो. इंजेक्शन सुरू होण्याआधी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी), एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि बीपी बघून घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा करा. घरी आठवड्यातून एकदा सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा आणि बेंबीच्या रेषेत कंबर मोजून लिहून ठेवा. वजन तेवढंच आणि कंबर वाढती, म्हणजे बहुधा स्नायू जाऊन चरबी येते आहे. अशा वेळी ताट कमी करून भागत नाही. रंकाळ्यावरच्या फेरीबरोबर आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला रेटून जोर असा ताकदीचा व्यायाम लागतो. हाडांत आजार पसरला असेल तर हा व्यायाम डॉक्टरांना विचारूनच.

तेलाचं माप सोपं आहे. माणशी रोज २० ते ३० ग्रॅम, म्हणजे चहाचे चार ते सहा चमचे. चौघांच्या घरात ७५० मिलीची एक बाटली सोमवारी भरा, ती रविवारपर्यंत पुरली पाहिजे. गुरुवारीच संपली तर तेल कुठं गेलं ते शोधा. बहुतेक वेळा ते मिसळीच्या कटात आणि भज्यांत सापडतं.

मटण सोडायची गरज नाही, पण रोज नको. आदल्या रात्री अळणी शिजवून पाणी गाळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरा घट्ट थर येतो, तो चमच्यानं काढून टाका आणि मग त्याच पाण्याचे तांबडा-पांढरा दोन्ही रस्से करा. तांबड्यासाठी किलोभर मटणाला चार मोठे चमचे तेल पुरतं. एवढ्या कमी तेलात कांदा-लसूण चटणी करपते, म्हणून वाटण परतताना पळी-पळी अळणी पाणी घालत राहा. मिरचीचा रंग तेलातच उतरतो, त्यामुळे तर्री फिकी दिसेल. बेडगी थोडी वाढवली की भागतं. पांढऱ्या रश्शाला नारळाचं पहिलं घट्ट दूध न घालता दुसरं पातळ दूध वापरा आणि दाटपणा खसखस-तिळानं आणा. बांगडा, तारली मिळाली तर कालवण करा. फिश ऑइलच्या कॅप्सूल मात्र स्वतःच्या मनानं सुरू करू नका.

बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘पी५०४एस पॉझिटिव्ह’ दिसलं की काही जण दूधच बंद करतात. पी५०४एस हे एक एन्झाइम आहे, ते दूध आणि मटणातली फांद्या असलेली फॅटी ॲसिड जाळण्याच्या कामी येतं. कॅन्सरपेशींत ते वाढलेलं असतं, म्हणून पॅथॉलॉजिस्ट त्याचा खूण म्हणून उपयोग करतात. दुधामुळे आजार झाला, असा त्याचा अर्थ नाही. उलट हार्मोनच्या उपचारात हाडं ठिसूळ होतात आणि कॅल्शियम लागतं. म्हशीचं दूध तापवून गार करा, साय काढा आणि प्यायला द्या.

पीईटी स्कॅन सांगितला तर कोणता, ते विचारा. प्रोस्टेटचा कॅन्सर सुरुवातीला साखर फार ओढत नाही, त्यामुळे साखरेवर आधारलेला नेहमीचा एफडीजी स्कॅन अनेकदा कमी दाखवतो. या आजारात सहसा पीएसएमए स्कॅन लागतो, तो प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशींवरचं त्या नावाचं प्रथिन शोधतो.

सगळ्यांत जास्त घोटाळा अबिराटेरोनच्या, म्हणजे शरीरात पुरुषी हार्मोन बनणं रोखणाऱ्या, गोळ्यांत होतो. तेलकट जेवणाबरोबर हे औषध रक्तात जवळजवळ दहापट जाऊ शकतं, मग बीपी वाढणं, पाय सुजणं, पोटॅशियम घसरणं असा त्रास होतो. १००० मिलीग्रॅमचा डोस असेल तर तो रिकाम्या पोटीच घ्यायचा: आधी दोन तास काही खायचं नाही आणि नंतर एक तास थांबायचं. पहाटे उठल्यावर पाण्याबरोबर घेणं सोयीचं, दुधाच्या चहाबरोबर नाही. सोबतची प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी मात्र नाश्त्यानंतर. काही डॉक्टर २५० मिलीग्रॅम जेवणाबरोबर देतात. ती वेगळी पद्धत आहे, दोन्हींची सरमिसळ करू नका. एखाद्या दिवशी गोळ्या चुकल्या तर दुसऱ्या दिवशी नेहमीचाच डोस द्या, दुप्पट नाही.